डबे वाजत होते

आमच्या गावचं स्टेडियम पाडलं त्याला आता इतकी वर्षं झाली, की त्या जागेवरच्या दुकानांची शटरंसुद्धा गंजायला लागली. तरी लग्नात, बारशात, अगदी दहाव्याला जरी चार जुनी माणसं एकत्र आली, तरी विषय निघतोच. एक जण म्हणतो, "काय ते स्टेडियम होतं राव, आणि काय ते डबे." दुसरा लगेच मांडीवर ताल धरतो. तिसऱ्याचे डोळे भरून येतात. मी तेवढ्यात उठून चहा ठेवायला जाते. कुणीतरी मागून हाक मारतं, अगं तू तर पंचांची मुलगी, तुला आमच्यापेक्षा जास्त आठवत असेल, सांग की काहीतरी. मी आतूनच विचारते, साखर सगळ्यांना चालते ना?

आठवतं मला. सगळं आठवतं, तेच तर दुखणं आहे.

स्टेडियम हा शब्द आम्हीच त्याला बहाल केलेला. जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून नगरपालिकेचं एक मैदान होतं. तीन बाजूंना दगडी पायऱ्या, चौथ्या बाजूला पत्र्याचं छप्पर घातलेली उंच बैठक, आणि त्या बैठकीखाली एक खोली, जिच्यात नेहमी कुत्री व्यालेली असायची. संपलं स्टेडियम. पण कापूस वेचून झाला, थंडी जराशी ओसरली, की तिथे आठवडाभर कबड्डीचे सामने व्हायचे आणि मग गावाला दुसरं काही सुचायचं नाही. आमची काळी माती कबड्डीला कुचकामी, वाळली की दगड आणि भिजली की चिखल. म्हणून नदीकाठची माती बैलगाड्यांनी यायची, ती चाळायला गल्लीगल्लीतल्या बायका जायच्या, शेणाचा सडा पडायचा, वेशीसारखे केळीचे खांब लागायचे. धरणगावचे संघ यायचे, जामनेरचे यायचे, वरणगावहून फॅक्टरीतल्या लोकांची दांडगी पोरं यायची. आम्ही मुली घरातलं काम भराभर उरकून दुपारीच बायकांच्या बाजूच्या पायऱ्या अडवून बसायचो, ओच्यात शेंगा आणि मांडीवर डबा.

आता डब्यांचं सांगायलाच हवं. तेलाचा पत्र्याचा मोठा डबा असतो ना, तो. प्रत्येक घरात एक रिकामा डबा कबड्डीसाठी राखून ठेवलेला असे. आईनं त्यात डाळ भरायला मागितला तरी तो मिळायचा नाही. वाजवायला लाटणं, पळी, मोगरी, जे हाताला लागेल ते. आमच्या गावचा गडी चढाईला निघाला, की तिन्ही पायऱ्या आणि पत्र्याची बैठक एकदम वाजायला लागायची. छातीत धडधड व्हायची, शेजारणीनं कानात ओरडून सांगितलेलं कळायचं नाही. आणि पाहुण्यांचा गडी आमच्यावर चढाईला आला, की सगळं मैदान चिडीचूप. शेंगासुद्धा कुणी फोडायचं नाही. त्याचं "कबड्डी, कबड्डी" शेवटच्या पायरीपर्यंत स्वच्छ ऐकू यायचं. परगावचे लोक म्हणायचे, केवढं सभ्य गाव आहे, पाहुण्याला किती मान देतात. आम्ही माना डोलवायचो.

मान कसला, कपाळ. कबड्डीत चढाई करणाऱ्याला समोरच्यांच्या अंगणात असेपर्यंत एका दमात बोलत राहावं लागतं. दम तुटला की तो बाद. आणि दम तुटला की नाही, हे पंचाच्या कानावर. आता कळलं ना डबे कधी वाजायचे आणि कधी थांबायचे ते? हे असं ठरवलंय, असं गावात कधी कुणी बोललं नाही. "पोरांना जोर येतो," एवढंच म्हणायचे. आपला तो बाब्या आणि लोकांचं ते कार्टं, हे आम्ही तेलाच्या डब्यावर वाजवून दाखवत होतो आणि वर संस्कृती म्हणून मिरवत होतो.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, शाळेत पी.टी. शिकवायचे आणि सामन्यांत पंच असायचे. त्यांना डब्यांनी काही फरक पडायचा नाही, ही आमच्या घरातली गंमत होती. जेवणं झाली की ते दोन्ही कानांत बोटं घालून माझ्यासमोर बसायचे आणि म्हणायचे, चल, म्हण. मी "कबड्डी, कबड्डी" म्हणत सुटायची. मध्येच मुद्दाम चोरून श्वास घ्यायची, ओठ तसेच हलवत ठेवायची. आबा लगेच म्हणायचे, "बाद. ओठ खोटं बोलतात माय, गळा बोलत नाही." मग ते मला शिकवायचे. गळ्याची घाटी कशी थांबते, मानेची शीर कशी सैल पडते. मी आईवर सराव करायची, ती भाकरी थापताना पुटपुटायची तेव्हा. हळूहळू मलाही जमायला लागलं. आबांना त्याचं कौतुक होतं. मला तर आबांचं इतकं कौतुक होतं की वर्गात सारखी त्यांच्याच बढाया मारायची.

ते कौतुक एका वर्षी महागात पडलं. आबांनी भर डब्यांच्या गदारोळात आमच्याच गड्याला दम तुटला म्हणून बाद दिलं आणि गाव हरलं. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात कुणीतरी फुटका डबा आणून ठेवला. दूधवाला दुधात पाणी आधीही घालायचा, पण आता लपवेनासा झाला. शाळेत मुलींनी मला डब्यात घ्यायचं सोडलं, म्हणजे जेवणाच्या. मी रडत घरी आले आणि आबांना म्हणाले, तुम्ही पंच आहात, पण बोलणी मी खाते. आबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि बाहेर गेले.

पुढच्या वर्षी अंतिम सामन्याला आमच्यासमोर सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्याचा संघ आला. पहिल्यांदाच आलेला. त्यांच्यासोबत गावातलं कुणी नव्हतं, फक्त एक म्हातारे बाबा होते, त्यांच्या गड्यांपैकी कुणाचे तरी आजोबा. पुरुषांच्या बाजूला मुंगी शिरायला जागा नव्हती, म्हणून ते बायकांच्या पायऱ्यांवर, माझ्या शेजारी, अंग चोरून बसले. त्यांचा नातू चढाईला आला आणि मैदान गप्प झालं. बाबांनी चारी बाजूंना पाहिलं आणि मला म्हणाले, "कितलं चांगलं गाव शे, माय." मग आमचा गडी निघाला आणि आम्ही सुटलो. बाबा दचकले. डबे थांबल्यावर त्यांनी विचारलं, "ह्या डबा कसाले वाजाडतस?"

"जोर येतो, बाबा," मी म्हणाले.

"मंग आमना पोऱ्यासले बी वाजाडा ना."

आजूबाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. त्यांना वाटलं आपण काहीतरी चांगलं बोललो, म्हणून तेही हसले.

शेवटी शेवटी दोन्हीकडचे गुण सारखे झाले आणि आमची शेवटची चढाई उरली. आमचा गडी आत गेला, एकाला शिवला, आणि परत फिरणार तोच त्या पोरांनी त्याचे घोटे धरले. तो पडला. सरपटत, माती उकरत मध्यरेषेकडे यायला लागला. डबे असे वाजत होते की पत्र्याचं छप्पर थरथरत होतं. मीही वाजवत होते. पण सवय वाईट, नजर त्याच्या गळ्यावर गेली. रेषा अजून हातभर लांब होती आणि घाटी थांबली. ओठ हलत होते. मान सैल पडली होती. मग त्यानं झोकून दिलं आणि त्याचं बोट रेषेला लागलं.

आबा त्याच्यापासून दोन पावलांवर वाकून उभे होते. शिट्टी तोंडात होती. त्यांनी मान वर केली, पायऱ्यांकडे पाहिलं, अगदी आमच्या बाजूला पाहिलं, आणि आमच्या गावाच्या बाजूनं हात वर केला.

त्या दिवशी आबांना लोकांनी खांद्यावर घेतलं. लोकांच्या आठवणीतला सर्वांत मोठा दिवस तो हाच. अजूनही मांडीवर ताल धरतात तो त्याच चढाईचा. मी खांद्यावरच्या आबांकडे पाहत होते. ते हसत नव्हते, त्यांनी डोळे मिटून घेतले होते. लोक म्हणाले, गहिवरले.

खरी लाज तर त्यानंतर घरी आली, आणि तीही सातजणांची पंगत घेऊन. आमच्याकडे पद्धत होती, अंतिम सामन्यात हरलेल्या पाहुण्यांचं जेवण पंचाच्या घरी. हरलेला पाहुणा उपाशी आणि मनात राग धरून जाऊ नये म्हणून कुणा जुन्या माणसानं घालून दिलेली रीत. आईनं दुपारपासून अंगणात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून ठेवली होती. मला वाटत होतं, ते येणारच नाहीत. मी तर मनात म्हणत होते, देवा, न येऊ देत. पण ताटाला नाही म्हणायचं नसतं हे त्यांनाही शिकवलेलं होतं. ती पोरं आली, हातपाय धुतले, भिंतीला पाठ लावून रांगेत बसली. म्हातारे बाबाही आले. मला ओळखून हसले.

आबा स्वतः वाढत होते. एरवी या पंगतीत केवढ्या गप्पा व्हायच्या. त्या संध्याकाळी फक्त भाकरी मोडल्याचा आवाज. मग त्यांच्या कप्तानानं, खाली मान घालूनच, अगदी हळू विचारलं, "सर, दम तुटना व्हता ना?"

चुलीपाशी आईचा हात परातीत थांबला. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मला आत पळून जायचं होतं आणि पाय निघत नव्हता.

"मला ऐकू आलं नाही रे," आबा म्हणाले. "डबे वाजत होते."

कप्तानानं मान हलवली. त्यानं ते लगेच खरं मानलं, म्हणजे पंचानं सांगितल्यावर आणखी काय करायचं. "हां सर. बठ्ठा डबा वाजत व्हतात. मंग कसं आयकू यी." आणि शेजारच्या पोराला तो म्हणाला, भरीत घे. म्हातारे बाबा आईला म्हणाले, "भरीत मस्त शे, माय." आबांच्या हातातली पळी भरिताच्या पातेल्यात तशीच राहिली. ते वाकलेले होते ते सरळच होईनात. शेवटी मी पुढे होऊन वाढलं.

ओठ खोटं बोलतात, गळा बोलत नाही. त्या वेळी आबांचा गळा मी पाहिला नाही. मुद्दाम तांब्याकडे पाहत राहिले.

त्या वर्षानंतर आबा पंच म्हणून उभे राहिले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. तोच गुडघा घेऊन ते शाळेत पोरांना मैदानाच्या फेऱ्या मारून दाखवायचे, पण कुणी त्यांना धरलं नाही. आईनं आमचा डबा भंगारवाल्याला देऊन टाकला. कानांत बोटं घालून बसायचा खेळ बंद झाला. आमच्या घरात त्या सामन्याचा शब्द कधी निघाला नाही, आणि बाहेर मात्र आबा दिसले की लोक लांबूनच टाळी वाजवायचे. आबा हात जोडायचे आणि चालण्याचा वेग वाढवायचे.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा नगरपालिकेनं ठरवलं, मैदान मोडून दुकानांचे गाळे काढायचे. तोपर्यंत कबड्डीचं वेड ओसरलं होतं, पोरं टेनिसच्या चेंडूनं क्रिकेट खेळायची, कुत्र्यांची खोली पडली होती. पण पाडणार म्हटल्यावर सगळ्यांना उमाळे आले. माझं लग्न गावातच झालं होतं. माझे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, ह्या उमाळेवाल्यांचे पुढारी. मैदानाला निरोप द्यायचा म्हणून त्यांनी कार्यक्रम घातला. नाना मनाचे फार चांगले. त्यांना सगळ्यांत आधी सुचलं ते व्याह्यांचा, म्हणजे आबांचा सत्कार. त्या अंतिम सामन्याचे पंच म्हणून, शाल आणि श्रीफळ. शिवाय गावभर निरोप पाठवला, येताना डबे आणा. तेल तेव्हा प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये यायला लागलं होतं, तरी लोकांनी माळ्यावरून, गोठ्यातून डबे शोधून काढले.

त्या दिवशी सकाळी आबा माझ्याकडे आले. आई तोवर गेली होती, ते एकटेच राहायचे. नाना बाहेर गेलेत हे पाहून ते स्वयंपाकघरात पाटावर बसले आणि म्हणाले, "मी आज सांगणार आहे."

काय, असं मी विचारलंच नाही. मी म्हणाले, "आबा, जाऊ द्या ना. एवढ्या वर्षांनी कोण विचारतंय? नानांनी किती हौसेनं केलंय. चारचौघांत त्यांचं तोंड काय राहील? माझं हे सासर आहे, मला इथेच राहायचंय. आणि मैदानच उद्या राहणार नाही."

"म्हणूनच तर," आबा म्हणाले. "उद्या कुठे उभा राहून सांगू?"

मी त्यांच्यावर चिडले. खरंच चिडले. तुमचं मन हलकं होईल आणि ओझं माझ्या डोक्यावर येईल, पूर्वीही असंच झालं होतं, असं काहीतरी बोलले. आबांनी चहा संपवला, कप स्वतः विसळून पालथा घातला आणि गेले.

मे महिना. संध्याकाळ झाली तरी दगडी पायऱ्या भाजत होत्या. लोक खाली पोती घालून बसले होते. दरवाजाशी बुलडोझर येऊन उभा होता आणि त्याच्या सावलीत ड्रायव्हर झोपला होता. मी बायकांच्या बाजूला, पुढच्याच पायरीवर होते. नानांनी घरच्या सगळ्यांना डबे वाटले होते, माझ्याही मांडीवर एक होता. मैदानाची वीज आधीच तोडलेली, बॅटरीवरचा भाड्याचा माईक नानांच्या लांबलचक भाषणातच बसला. मग आबांना पुढे बोलावलं. मध्यरेषा जिथे असायची साधारण तिथेच टेबल मांडलं होतं. आबा वाळले होते, आवाज बारीक झाला होता, पण ताठ उभे राहिले.

"त्या दिवशीच्या शेवटच्या चढाईबद्दल मला थोडं सांगायचंय," ते म्हणाले.

आणि सगळं मैदान चिडीचूप झालं. मला ती शांतता ओळखीची होती. पाहुण्याचा गडी आत आला की आम्ही पाळायचो, तीच. माईक नव्हता, तरी त्या शांततेत आबांचा श्वाससुद्धा शेवटच्या पायरीपर्यंत गेला असता. त्यांनी श्वास घेतला. "दम," ते म्हणाले.

मी डबा वाजवला.

दुसरं कुणी नाही, पहिला डबा मी वाजवला. लाटण्यानं, जोरात. लोकांना तेवढंच हवं होतं. क्षणात तिन्ही पायऱ्या वाजायला लागल्या, बैठकीवरचे म्हातारे उठून वाजवायला लागले, ड्रायव्हर जागा होऊन पाहायला लागला. आबा थांबले नाहीत. ते बोलत राहिले. कुणाला एक अक्षर ऐकू गेलं नसेल, पण मला ऐकायची गरजच नव्हती. मी त्यांच्या गळ्याकडे पाहत होते. दम तुटला होता, ते सांगत होते. मी पाहिलं होतं. त्या पोरांना मी माझ्या घरी जेवू घालून खोटं बोललो. शब्द न् शब्द मला कळला. घाटी एकदाही थांबली नाही. आणि मी वाजवत राहिले, हात दुखेपर्यंत. वाजवताना मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. त्यातलं बरं वाटल्याची लाज अजून गेलेली नाही.

बोलून झाल्यावर आबांनी हात जोडले. नानांनी त्यांना शाल पांघरली, नारळ दिला, स्वतःचे डोळे पुसले. लोक म्हणाले, गहिवरले.

घरी जाताना आम्ही दोघंच मागे राहिलो होतो. पहिला डबा कुणी वाजवला हे आबांना दिसलं होतं की नाही, मला कधी कळलं नाही. नजर मात्र त्यांची शेवटपर्यंत चांगली होती. दरवाजाबाहेर आल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "माय, तू तरी ऐकलंस ना?"

ते माझ्या गळ्याकडे पाहत होते.

"नाही आबा," मी म्हणाले. "डबे वाजत होते."

आबांनी मान हलवली. "खरं आहे. मग कसं ऐकू येणार." त्यांनी खांद्यावरची शाल काढली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, ठेव तुझ्याकडे, मला उकडतंय.